ओटा कुणाच्या उंचीचा?

घराविषयी वाचकांचे प्रश्न, इंटिरिअर डिझायनरची उत्तरं

प्रश्न : ताई, आम्ही पाचपाखाडीत राहतो. इमारत १९९० सालची, आमचं घर दुसऱ्या मजल्यावर. स्वयंपाकघर आठ बाय नऊ. घरात मी, यजमान, मुलगी आणि सासूबाई. सासूबाई ७६ वर्षांच्या आहेत, पण सकाळच्या पोळ्या अजून त्याच करतात. नारळही त्याच खवतात, खाली बसून, विळीवर. इतक्या वर्षांत स्वयंपाकघराला हात लावलेला नाही. आता एका डिझायनरकडून आराखडा करून घेतलाय. थ्रीडी चित्रं फारच सुंदर आहेत. हॉलकडची भिंत पाडून ओपन किचन, खिडकीखालचं सिंक समोरच्या भिंतीला, मधे छोटा काउंटर आणि उंच स्टुलं. दर रनिंग फुटावर सांगितलाय, अर्धी रक्कम आधी द्यायची. यजमान म्हणतात, त्यांना कळतं, त्यांच्यावर सोडू. सासूबाई चित्र बघून ‘छान आहे’ म्हणाल्या आणि आत निघून गेल्या. तेव्हापासून मला चैन नाही. आमच्याकडे गौरी असतात, त्याआधी काम उरकायचंय. पैसे देण्याआधी मी नक्की काय काय विचारू?
— एक वाचक, पाचपाखाडी, ठाणे

उत्तर : सासूबाई ‘छान आहे’ म्हणून आत गेल्या, त्या वाक्यापाशी मीही थांबले. रोज पहाटे त्या ओट्यापाशी उभं राहणारं माणूस आत निघून जातं, तेव्हा त्या चित्रात त्याला स्वतःची जागा दिसलेली नसते.

म्हणून डिझायनरला पहिला प्रश्न पैशांचा विचारू नका. विचारा, ‘सकाळी साडेसातला आमच्याकडे कधी येता?’ मी कुठलंही स्वयंपाकघर हातात घेते तेव्हा एक सकाळ तिथे कोपऱ्यात उभी राहते. चहा घेते, कुणाच्या मधे येत नाही, नुसती बघते. वर्तकनगरच्या एका घरात आजी पोळ्या लाटत होत्या. लाटणं पुढे गेलं की त्यांच्या टाचा जमिनीपासून उचलल्या जायच्या. अर्धा इंच, जास्त नाही. मी दाखवेपर्यंत हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. ओटा ३४ इंच, त्यावर पोळपाटाचे दोन इंच आणि आजींची उंची चार फूट दहा इंच. वर्षानुवर्षं रोजच्या वीस-पंचवीस पोळ्या त्या टाचा उचलून लाटत होत्या आणि खांदे दुखतात ते वयामुळे, असं घरात सगळे धरून चालले होते.

घरी आज हे करून बघा. सासूबाईंना चपला काढून ताठ उभं करा, हात कोपरात काटकोनात वाकवायला सांगा आणि जमिनीपासून कोपरापर्यंत टेप लावा. मग तुमचंही माप घ्या. चिरण्या-निवडण्यासाठी ओटा कोपरापेक्षा चारेक इंच खाली लागतो. कणीक मळायला, पोळ्या लाटायला वरून जोर द्यावा लागतो, तिथे सहा ते आठ इंच खाली हवा. शेगडी ओट्यावर ठेवायची असेल तर तिची स्वतःची उंची वेगळी, त्यावर कढईचा काठ आणखी वर. म्हणून तुमच्यासारख्या घरात मी सगळा ओटा एका पातळीत करत नाही. शेगडी आणि तिच्या शेजारची अडीच फूट जागा तीन इंच खाली घेते. डिझायनर म्हणतील, ओट्याची रेघ तुटते. तुटू द्या. ग्रॅनाइटवाल्याला एक जोड जास्त करावा लागेल, पण तुम्हा दोघींचे खांदे वाचतील. पोळ्या लाटायला ड्रॉवरसारखी बाहेर ओढायची फळी सुचवतील, ती घेऊ नका. लाटताना ती हलते.

आता विळी. विळीवर बसायला मांडी घालून, समोर ताट ठेवून, मागून दुसऱ्याला जाता येईल एवढी जमीन मोकळी लागते. आठ फुटांत दोन्हीकडे दोन-दोन फुटांचे ओटे गेले की मधे चार फूट उरतात. तेवढ्यात विळी मावते. त्यातच दीड फुटांचा काउंटर उभा केला की विळीही गेली आणि फ्रिजचं दारही पूर्ण उघडणार नाही. तुमच्या स्वयंपाकघरात तो काउंटर नकोच, हे मी इथे बसून ठामपणे सांगू शकते.

भिंतीबद्दल मात्र इथून ठाम बोलता येत नाही आणि तुमच्या डिझायनरनीही बोलू नये. आतली भिंत बहुतेकदा साडेचार इंची विटांची, नुसती आडोशाची असते. पण ‘बहुतेकदा’वर भिंत पाडायची नसते. तुमच्या इमारतीला ३० वर्षं कधीच होऊन गेली. एवढ्या जुन्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट करून घ्यावं लागतं, तेव्हा सोसायटीच्या दप्तरात अहवाल असणार. सेक्रेटरींकडे तो मागा, स्ट्रक्चरल इंजिनिअरला भिंत दाखवा आणि सोसायटीची परवानगी लेखी घ्या. शिवाय मनाशी एक विचारा : तुमच्याकडे सुके बोंबील भाजले जातात का? हिरव्या मिरचीचा ठेचा होतो का? मग भिंत राहू द्या. हॉल मोठा दिसावा असं वाटत असेल तर भिंतीत कमरेच्या वर सरकत्या काचेची खिडकी काढा. ताटं तिथून देता येतात आणि फोडणीच्या वेळी ती बंद करता येते. पण खिडकी म्हणजेही भिंत फोडणंच, तेव्हा इंजिनिअरला विचारल्याशिवाय तीही नको.

सिंक हलवण्याबद्दल लिहिताना मला माझी चूक सांगायला हवी. २००८ साली चरईतल्या एका घरात मी सिंक असंच समोरच्या भिंतीला नेलं. सांडपाण्याच्या नळीला उतार लागतो, दर चाळीस इंचांना एक इंच. नऊ फूट लांब न्यायचं तर जवळजवळ पावणेतीन इंच. हे गणित मला येत होतं, पण प्लंबरनं नळी कशी बसवली ते फरशी घालण्याआधी मी स्वतः पाहिलं नाही. मधेच ती सपाट राहिली होती. सहा महिन्यांत खालच्या काकूंच्या देवघरावर ओल आली. नवी फरशी फोडली, खर्च मी भरला, पण त्या दोन कुटुंबांचं येणं-जाणं थांबलं ते थांबलंच. तुमचं सिंक खिडकीखाली आहे, बाहेर लगेच खाली उतरणारा पाइप आहे, उजेड आहे, ओल सुकायला वारा आहे. ते तिथेच राहू द्या. हलवायचंच असेल तर नळी फरशीखालून न घेता कपाटांच्या खालच्या चार इंची स्कर्टिंगमधून उतार देऊन न्यावी, म्हणजे गळली तर तुमच्याच घरात दिसेल. महानगर गॅसची नळी असेल तर तिला मात्र प्लंबरनं हात लावायचा नाही. तिच्यासाठी कंपनीकडे अर्ज करायचा, ती त्यांचीच माणसं हलवतात. आणि ती नळी, तिचा कॉक, मीटर यांतलं काहीही बंद कपाटात कोंडायचं नाही.

आता पैसे. रनिंग फूट म्हणजे ओट्याची लांबी, बाकी काही नाही. दहा फूट ओट्याखाली नुसत्या फळ्या आणि दारं असली तरी दहा फूट आणि नऊ ड्रॉवर असले तरी दहा फूट, पण खर्चात जमीन-अस्मानाचा फरक. म्हणून बाबवार अंदाजपत्रक मागा : ड्रॉवर किती, ड्रॉवर सरकवणारे चॅनल आणि बिजागऱ्या कुठल्या कंपनीच्या, ड्रॉवरमधल्या जाळ्या सहसा न गंजणाऱ्या ३०४ स्टीलच्या की स्वस्तातल्या २०२च्या, ग्रॅनाइट किती जाडीचा, तोडफोड आणि डेब्रिजच्या गोणी खाली नेणं कुणाकडे, १८ टक्के जीएसटी धरलाय की वर लागणार. प्लायच्या शीटवर आयएस ७१० हा शिक्का असतो, तो मरीन प्लाय, पाण्याला टिकणारा. सिंकखाली तोच. एमआर प्लाय, म्हणजे साधा घरगुती प्लाय, स्वयंपाकघरात नको, आपला पावसाळा त्याला फुगवतो. खरं सांगायचं तर सिंकखाली मी अजूनही कडाप्पाच्या उभ्या फळ्याच घालते. त्या दिसत नाहीत, सडत नाहीत आणि त्यांना वाळवी लागत नाही. तुमच्या आत्ताच्या ओट्याखाली कडाप्पा असेल आणि धड असेल, तर तो फोडायचा कशाला, हेही विचारा.

थ्रीडी चित्रावरून सुतार काम करत नाही. चारही भिंतींची मापांसकट रेखाटनं, नळांचं आणि विजेच्या पॉइंटचं वेगळं रेखाटन हातात आल्याशिवाय अर्धी रक्कम देऊ नका. आराखड्याचे पैसे वेगळे द्या, ते त्यांच्या कष्टाचे आहेत. बाकीचे कामाच्या टप्प्यांनी द्या आणि शेवटचे दहा टक्के महिनाभर स्वयंपाक करून झाल्यावर. विजेचं एकच सांगते : २००० वॅटची इंडक्शन आणि १२०० वॅटचा मायक्रोवेव्ह एकदम चालले तर १४ अँपिअर लागतात. एका जुन्या बोर्डावर ते दोन्ही नकोत, वायर नवी ओढून घ्या.

आणि गौरी. तोडफोड, प्लंबिंग, ग्रॅनाइट, सुतारकाम, सगळं सुरळीत झालं तरी सहा आठवडे धरा, आणि ते भर पावसात. पॉलिश वाळत नाही, प्लाय ओल धरतो. यंदाच्या गौरी जुन्या ओट्यावरच जेवू देत. त्या दिवसांत वही घेऊन बसा. पुरणाचं पातेलं कुठे टेकवलं, मोठं परातभर पीठ कुठे ठेवायला जागा मिळाली नाही, मोदकपात्र कुठल्या माळ्यावरून कुणी काढलं, सगळं टिपा. ती पानं डिझायनरला द्या. काम गणपती गेल्यावर काढा. पितृपक्षात बरेच जण नवं काम काढत नाहीत, त्यामुळे सुतार मोकळे सापडतात. घरात चालत असेल तर तेव्हाच सुरुवात करा, दिवाळीचा फराळ नव्या ओट्यावर होण्याची आशा धरता येईल.

आराखडा बदलून आला की तो आधी सासूबाईंच्या हातात द्या. चित्र नको, जमिनीवर खडूनं आखून दाखवा. हा ओटा, ही शेगडी, इथे तुमची विळी.

प्रश्न : नेरूळला सिडकोचं घर आहे, निवृत्तीनंतर स्वयंपाकघर नव्यानं करायचंय. डिझायनर हवाच का, की ओळखीचा सुतार पुरे? आणि डिझायनर खरा जाणकार आहे हे ओळखायचं कसं?
— एक वाचक, नेरूळ, नवी मुंबई

उत्तर : नळ, गॅस, भिंती जागच्या जागी ठेवून फक्त कपाटं बदलायची असतील तर चांगला सुतार पुरे. यांतलं काहीही हलणार असेल तर डिझायनर घ्या. १९७२च्या कायद्यानुसार आर्किटेक्टची नोंदणी कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे असते, ती तपासता येते. इंटिरिअर डिझायनरला तशी सक्तीची नोंदणी नाही, त्यामुळे पाटी कुणीही लावू शकतो.

म्हणून फोनमधले फोटो पाहू नका. त्यांनी केलेली, दोन पावसाळे पाहिलेली दोन स्वयंपाकघरं प्रत्यक्ष बघायला मागा. गेलात की घरच्या बाईंची परवानगी घेऊन सिंकखालचं दार उघडा, खाली वाका आणि वास घ्या. प्लायची कड बोटानं दाबून बघा. मग त्या बाईंना विचारा, या ओट्यावर उभं राहून पाठ दुखते का.