साठ फेरे कुठं गेले?

वाचकांचे विजेबद्दलचे प्रश्न आणि त्यांची उत्तरं.

आमचे सोलापुरात अक्कलकोट रोडला टॉवेलचे लूम आहेत. मोटरच्या पट्टीवर 1440 आरपीएम लिहिलंय, पण वाइंडिंगवाला म्हणतो आतलं चुंबकत्व 1500 नं फिरतं. मग साठ फेरे जातात कुठं?

जात कुठंच नाहीत, त्या साठांवरच तुमचा लूम चालतो. चार पोलच्या, म्हणजे चार चुंबकीय ध्रुवांच्या मोटरला 50 हर्ट्झचे तीन फेज दिले, की स्टेटरमधलं, म्हणजे मोटरच्या स्थिर भागातलं चुंबकीय क्षेत्र मिनिटाला 1500 फेरे घेतं. रोटरला, म्हणजे आतल्या फिरणाऱ्या भागाला, बाहेरून एकही वायर नसते. तो म्हणजे बहुधा ॲल्युमिनियमच्या दांड्यांचा पिंजरा. क्षेत्र या दांड्यांना ओलांडून पुढं सरकतं तेव्हाच त्यांच्यात प्रवाह उत्पन्न होतो, आणि त्या प्रवाहामुळे रोटरला ओढ बसते. रोटरनं 1500 गाठले तर ओलांडणंच उरत नाही. प्रवाह नाही, म्हणून ओढही नाही. तेव्हा तो थोडा मागं राहतो. लोड वाढला की आणखी मागं पडतो आणि जास्त अँपिअर खेचतो. धोटा अडकून रोटर पूर्ण थांबला, तर नेहमीच्या पाच-सात पट. वास यायला मग वेळ लागत नाही.

मोहोळजवळ शेती आहे. एक फेज गेला की विहिरीवरची मोटर नुसती घुं घुं करते नि जळते. दोन फेज असतात की!

असतात, पण उरलेल्या दोन तारांतून मोटरला एकच व्होल्टेज मिळतं. त्यानं क्षेत्र फिरत नाही, जागच्या जागी उलटसुलट होत राहतं. थांबलेला रोटर त्यानं हलत नाही. आधीच फिरत असेल तर फिरत राहील, पण चालू वाइंडिंगवर सगळा भार येतो. सिंगल फेज प्रिव्हेंटर बसवा, एक फेज गेला की तो मोटर बंद करतो. मोटर भरून आणण्यापेक्षा स्वस्त पडतो.

मी बारावीत आहे. रेल्वेचा आस, म्हणजे दोन चाकांना जोडणारी लोखंडी दांडी, पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र कापत जातो, म्हणजे त्याच्या टोकांमध्ये व्होल्टेज येणार. मग डब्यात बसून ते मोजता येईल का?

या महिन्यातला सगळ्यात चांगला प्रश्न. आधी हिशेब करू. सोलापुरात पृथ्वीच्या क्षेत्राचा उभा घटक सुमारे 17 मायक्रोटेस्ला. रुळांतलं अंतर 1.676 मीटर. गाडी ताशी 110 किमीनं, म्हणजे सेकंदाला साधारण 30.6 मीटर. तिन्हींचा गुणाकार 0.87 मिलिव्होल्ट. दीड व्होल्टच्या सेलच्या हजाराव्या भागाहूनही कमी.

आता गंमत. डब्यात मीटर घेऊन त्याच्या तारा आसाच्या दोन टोकांना लावल्या असं समजा. तारा गाडीबरोबरच चालल्या आहेत, त्याही तेच क्षेत्र त्याच वेगानं कापतात. आसात जेवढं व्होल्टेज, तेवढंच तारांतही, आणि वेटोळ्यात ती एकमेकांच्या विरुद्ध. मीटर शून्य दाखवणार. वेटोळ्याचं क्षेत्रफळ बदलत नाही, त्यातून जाणारा फ्लक्स, म्हणजे चुंबकीय क्षेत्राचा एकूण ओघ, बदलत नाही. फ्लक्स बदलला तरच व्होल्टेज, असं सांगणारा फॅरडेचा नियम मग देणार तरी काय?

मीटर हवा जमिनीवर, पुढच्या दोन रुळांना जोडलेला. गाडी जवळ येते तसं आस, रूळ नि मीटर यांचं वेटोळं लहान होत जातं. फ्लक्स घटतो, व्होल्टेज मिळतं. पाठ्यपुस्तकात दोन पट्ट्यांवर सरकणारी दांडी असते ना, तीच ही. परीक्षेत मुलं फक्त दांडीकडं पाहतात, मी मात्र उरलेली तार कुठाय ते आधी विचारतो. लूमच्या मोटरमध्येही रोटर क्षेत्राबरोबर गेला की सगळं शून्य होतं, ते लक्षात आलं असेल.

कागदावरच ठेवा मात्र. विद्युत इंजिनाचा परतीचा 50 हर्ट्झचा प्रवाह याच रुळांतून वाहतो. त्याच्यापुढं एक मिलिव्होल्ट सापडायचा नाही, आणि रुळांवर उतरणं गुन्हा आहे तो वेगळाच.

इंडक्शन शेगडीवर कडक भाकरी होईल का?

तवा लोखंडी आणि सपाट बुडाचा असेल तर होईल. ॲल्युमिनियमचं भांडं साधी शेगडी ओळखतच नाही. खोलगट तव्याचे काठ मात्र कॉइलपासून लांब राहतात, त्यामुळं भाकरी मध्ये करपेल आणि कडेला कच्ची राहील.