उपवास सुटला, भूक परतली नाही

"हिच्या आत्याचंही लग्नाआधी असंच होतं. हे रक्तातून आलंय, की माझंच काही चुकलं?" विश्रामबागेतून आलेल्या आईंनी बसल्या बसल्या विचारलं. मुलगी सोळाची, अकरावीत. नवरात्राचे उपवास दसऱ्याला घरातल्या सगळ्यांचे सुटले, हिचे सुटलेच नाहीत. चार महिन्यांत वजन 51 वरून 40 किलोवर आलं होतं. पाळी बंद, हात गार, नाडी 54.

आईंचं चुकलं नव्हतं. ॲनोरेक्सियात, म्हणजे खाणं टाळून वजन उतरतच जाण्याच्या या आजारात, अनुवंशाचा वाटा जुळ्यांच्या अभ्यासांत साधारण निम्मा किंवा त्याहून जास्त निघतो. 2019 साली सुमारे 17 हजार रुग्णांच्या जनुकांचा अभ्यास झाला. त्यात चिंता आणि मंत्रचळाशी (तेच विचार, तीच कृती पुन्हा पुन्हा) नातं दिसलंच, पण इन्सुलिन, रक्तातली चरबी आणि वजनाशीही दिसलं. म्हणजे हा नुसता मनाचा हट्ट नाही. उपाशी राहिल्यावर आपली चिडचिड होते. अशा काही मुलींना उलट शांत वाटतं. मूळ कल घरातून येतो, पण आजार बहुतेकदा सुरू होतो तो वजन उतरल्यावर. मग कारण उपवास असो, डाएट असो की टायफॉइड.

म्हणून औषध म्हणजे जेवण. आधी डॉक्टरांकडून ईसीजी आणि फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियमची तपासणी करून घेतली. फार दिवस उपाशी राहिलेल्या शरीरात एकदम अन्न गेलं की फॉस्फेट घसरतं आणि हृदयावर बेततं. मग तीन जेवणं, दोन खाणी. ताट आईंनीच वाढायचं, घासाघासाला घासाघीस नाही. वजन आठवड्यातून एकदाच.

चौथ्या आठवड्यात काटा अडला. वडिलांना वाटलं, पोरगी गुपचूप उलट्या काढतेय. तसं नव्हतं. अन्न मिळू लागलं की थंडावलेलं चयापचय उसळी घेतं. रात्री घाम येतो, उकडतं, खाल्लेलं जणू जळून जातं. ही घडी सगळ्यात फसवी. नेमकं इथेच घरचे हात टेकतात. आम्ही खाणं वाढवलं, ताट मोठं न करता. भाकरीवर मोठा चमचाभर तूप म्हणजे 130 कॅलरी, 30 ग्रॅम शेंगदाण्याचं कूट म्हणजे 170, शिवाय रात्री म्हशीचं दूध. गच्चीवरच्या येरझाऱ्याही थांबवल्या. ती ओढ आजाराचीच असते. सहाव्या आठवड्यात काटा हलला.

मग आईंनी धाकटीचं विचारलं. ती तेरा वर्षांची. तिला सांगितलंय: यंदा घटाचे उपवास नाहीत, आणि तापाने दोन किलो उतरले तर महिन्याभरात भरून काढायचे.