जुन्या लष्करी जीपचे हेडलाईट मधेच जातात आणि आपोआप येतात. दोष कुठे शोधायचा?

तुमची फोर्ड जीपीडब्ल्यू ६ व्होल्टच्या मूळ वायरिंगवर चालते, रंगकाम होऊन तीन महिने झालेत आणि तेव्हापासून हेडलाईट अधूनमधून जातात, असं तुम्ही लिहिलंय. सील्ड बीम (काच, आरसा आणि बल्ब एकत्र असलेले दिवे) बदलून झाले, आता गॅरेजवाला मुख्य स्विच बदला म्हणतोय. कृपा करून अजून काही विकत घेऊ नका.

माझ्याकडे विलिस एमबी आहे, म्हणजे तुमच्या गाडीची सख्खी बहीणच. हाच त्रास मी दीड वर्ष काढला. कुंभार्ली घाटात रात्री एका वळणावर दोन्ही दिवे गेले, तो काळोख अजून आठवतो. तोवर मीही स्विच बदलून बसलो होतो.

रात्री गाडी भिंतीसमोर उभी करा, इंजिन जरा रेसवर ठेवा, हेडलाईट लावा आणि पंधरा-वीस मिनिटं नुसतं भिंतीकडे बघा. मग बॉनेटवर, मडगार्डवर हाताने थापट्या मारा. दिवे ठेक्यात जातात की धक्क्याने जातात, एवढंच पाहायचंय.

ठेक्यात, म्हणजे ठरावीक वेळाने दोन्ही एकदम गेले आणि काही सेकंदांनी परत आले, तर ते काम सर्किट ब्रेकरचं. या गाड्यांत हेडलाईटला फ्यूज नसून दिव्यांच्या स्विचमागे तापून उघडणारा ब्रेकर असतो. आतली पट्टी जास्त करंटने तापते, वाकते, दिवे जातात; थंड झाली की पुन्हा जुळते. फ्यूज उडाला असता तर अंधार कायमचा झाला असता. ब्रेकर सारखा उघडत असेल तर बहुतेक कुठेतरी वायर बॉडीला घासतेय. दिव्याच्या मागे आणि पत्र्यातल्या भोकांपाशी बघा. रंगकामात तिथले वायरभोवतीचे रबरी बुश काढलेले असतात आणि परत बसवायचे राहतात. घासलेली जागा सापडली नाही, तर ब्रेकरचेच काँटॅक्ट जळालेत का ते तपासा. पण त्याला बगल देऊन जाड वायर जोडू नका. तो गाडीला आगीपासून वाचवतोय.

दिवे धक्क्याने जात असतील, किंवा एकच मिणमिणत असेल, तर माझा पहिला संशय अर्थवर, म्हणजे दिव्यातला करंट बॉडीतून बॅटरीकडे परत नेणाऱ्या जोडणीवर. तुमचं रंगकाम वाचल्यापासून माझ्या डोक्यात तेच आहे. या जीपचे हेडलाईट बिजागरीवर असतात. नट सैल करून दिवा उलटा फिरवला की उजेड इंजिनवर पडतो, रात्री दुरुस्ती करता यावी म्हणून. फार सुंदर सोय आहे. पण माझ्या गाडीत दिव्याची अर्थ त्या बिजागरीतूनच जात होती, आणि रंगाऱ्याने बिजागरी, पट्टी, बोल्ट सगळं छान हिरवं करून ठेवलं होतं. बोल्ट काढला तेव्हा वॉशरखाली रंगाचा अखंड थर होता आणि आट्यांवरच्या दोन चकाकत्या रेषांमधून तेवढा करंट जात होता. खड्डा आला की त्याही सुटायच्या.

६ व्होल्टवर हे फार लवकर भोवतं. ४५ वॅटचे दोन दिवे मिळून १५ अँपिअर ओढतात. १२ व्होल्टवर तेवढेच वॅट असते तर साडेसात लागले असते. सामाईक वाटेत ०.१ ओहमचा अडथळा आला तरी जवळपास दीड व्होल्ट तिथेच संपतो, म्हणजे पाव भाग. आणि व्होल्टेज १० टक्के घटलं तरी उजेड सुमारे ३० टक्के घटतो.

म्हणून मल्टिमीटर ओहमवर ठेवून तपासू नका. वायरची एकच तार शाबूत असली तरी तो सगळं ठीक सांगतो. दिवे चालू ठेवा, मीटर डीसी व्होल्टवर घ्या, काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलवर आणि लाल पिन दिव्याच्या अर्थच्या टोकाला लावा. ०.२ व्होल्टच्या वर आकडा आला तर दोष त्याच वाटेत आहे. माझ्या डाव्या दिव्याला १.३ आला होता. पॉलिश पेपरने धातू उघडा केला, दिव्यापासून चासीपर्यंत वेगळी अर्थ वायर घेतली, वायरच्या टोकांचे लग (धातूच्या कड्या) सोल्डर केले, वर थोडं ग्रीस लावलं, आकडा ०.०५ वर आला. दुसऱ्या दिव्याचंही लगेच करून टाका. बॅटरी ते चासी आणि इंजिन ते चासी या पट्ट्याही तशाच घासून घ्या.

फक्त अप्पर जात असेल आणि डिपर टिकत असेल (किंवा उलट), तर डाव्या पायाखालचा डिमर स्विच बघा. पायाचा चिखल-पाणी तोच खातो. दिवे लावून तो वीस-तीस वेळा दाबा. दिवे थरथरले तर तो काढून साफ करा.

भिंतीसमोरची तपासणी निर्दोष पार पडेपर्यंत गाडी रात्री घाटात नेऊ नका.