सेट-टॉप बॉक्ससाठी तीन रंगांची वायर की एचडीएमआय?

आपण सिडकोतील घरी नवा फुल एचडी टीव्ही घेतला आहे आणि सेट-टॉप बॉक्स अजूनही पिवळ्या-लाल-पांढऱ्या वायरने जोडलेला आहे, तेव्हा एचडीएमआय वायर घेतल्यास चित्र खरोखर सुधारेल का, असे आपण विचारले आहे. बॉक्स एचडी, म्हणजे जास्त तपशिलाचे चित्र देणारा असेल, तर निःसंशय सुधारेल.

पिवळ्या वायरीतून उजेड आणि रंग यांची माहिती एकाच सिग्नलमध्ये मिसळून जाते व टीव्हीला ती पुन्हा वेगळी करावी लागते. त्यामुळे अक्षरांच्या कडा थरथरतात, बारीक रेघांच्या साडीवर नसलेले रंग उमटतात आणि तपशील चित्राच्या 576 आडव्या ओळींपुढे जातच नाही. हिरव्या, निळ्या व लाल पिनांची कंपोनंट वायर ही माहिती वेगवेगळी नेते, म्हणून ती बरीच सरस आहे आणि 1080 ओळींपर्यंत पोहोचते. जुन्या डीव्हीडी प्लेअरला ती सोय असेल तर अवश्य वापरावी. एचडीएमआय मात्र चित्र आणि आवाज दोन्ही डिजिटल स्वरूपात एकाच वायरीतून देते.

महात्मा गांधी रस्त्यावरच्या दुकानात कोणी सोनेरी मुलाम्याची महाग वायर सुचवली, तर कृपया पैसे वाया घालवू नका. सिग्नल नीट पोहोचत असेल तर स्वस्त वायरीचे चित्रही तंतोतंत तेच असते. वायर सदोष असल्यास ठिपके चमकतात किंवा पडदा मधूनच काळा होतो. साधा एसडी, म्हणजे कमी तपशिलाचे चित्र देणारा बॉक्स असल्यास आधी बॉक्स बदलावा आणि एचडी वाहिन्या घ्याव्यात.