तिला ओळखेल ते आपलंच माणूस

चि. ताईस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या कादंबरीचा खर्डा वाचून झाला. १९४२ चा पावसाळा, धुळ्याकडच्या पांझरेकाठच्या खेड्यातली सोळा वर्षांची मुलगी, पुण्यात पोलीस खात्यातल्या कारकुनाच्या घरी वरकामाला राहते आणि जे कानावर पडेल ते भूमिगतांपर्यंत पोचवते. गोष्ट धरून ठेवते. पटला नाही तो फक्त तिचं बिंग फुटण्याचा प्रसंग. तिच्या पेटीत अहिराणी, म्हणजे तिच्या खानदेशी बोलीतल्या, ओव्यांची वही सापडते, असं तू लिहिलंस. गाव लपवायला निघालेली मुलगी ती वही सोबत नेणार नाही, आणि नेलीच तर तिला पाठवणारा माणूस गाडीत बसायच्या आधी काढून घेईल. ज्या गोष्टीवर तिचं लक्ष आहे तिथून ती सापडणार नाही. जे ती विचार न करता करते तिथून सापडेल. तुझी सगळी मेहनत त्या बाजूला लागायला हवी.

तिच्या वयाचं समर्थन करण्यात तू पहिलं प्रकरण खर्च केलंस, ते काढून टाक. ९ सप्टेंबर १९४२ ला नंदुरबारच्या गोळीबारात चार साथीदारांसह गेलेला शिरीषकुमार मेहता शाळकरी पोरगाच होता. सरस्वती राजामणी वयाच्या विशीआधी ब्रह्मदेशात मुलाच्या वेशात इंग्रजांच्या छावणीत वावरून आझाद हिंद सेनेला बातम्या पोचवत होत्या, असं त्यांनीच पुढे सांगितलं. एवढं माहीत असलेल्या वाचकाला तुझी नायिका अशक्य वाटणार नाही.

आता तिची खोटी ओळख. तू तिला कोल्हापूरची केलीस. का? कोल्हापूरकडची बोली तिने कधी कानांनी ऐकलेली नाही. पहिल्याच दिवशी ती उघडी पडेल. खोटी ओळख खरीच्या जितकी जवळ, तितकी टिकते. तिला बडोद्याची कर. गायकवाडांच्या संस्थानात मराठी घरं भरपूर होती, त्यामुळे तिकडची मराठी मुलगी पुण्यात आली याचं कुणाला नवल वाटायचं नाही. आणि यात खरा फायदा आहे तो असा, की अहिराणीच्या ‘घरमा’तला, म्हणजे ‘घरात’मधला, ‘मा’ गुजरातीच्या जवळचा आहे. दमलेली असताना तिच्या तोंडून ‘घरमा’ निसटलं तर बडोदं ते झाकून घेईल. कोल्हापूर झाकणार नाही. नंदुरबारला तिची मावशी दिलीस तर कानावर पडलेलं गुजरातीही आपोआप येईल.

बडोद्याची माहिती तिला थोडीच दे, पण पक्की: सुरसागर तलाव, मांडवी, न्यायमंदिराची इमारत, खंडेराव मार्केट. लहानपणीच तिथून हललो, एवढं म्हणायला शिकव. जास्त सांगणारी मुलगी संशयात येते. पुण्यात बडोदेकर भेटणार हे धरूनच चाल.

पहिलं नाव बदलू नकोस. पाठीमागून हाक आली की मान स्वतःच्याच नावाला वळते. उसन्या नावाला अर्धा क्षण उशीर होतो आणि तो अर्धा क्षण दिसतो. शिवाय तिच्या हातावर गोंदण असणार. खेड्यातल्या सोळा वर्षांच्या मुलीला तू गोंदणाशिवाय ठेवलंस, हे त्या काळाला धरून नाही. गोंदण धुऊन जात नाही आणि घासून काढलं तर व्रण राहतो, तो जास्त बोलतो. मनगटावर नाव गोंदलेलं असेल तर तेच नाव चालवायचं. आडनाव आणि गाव तेवढं बदल.

प्रवासही दुरुस्त कर. धुळ्याहून ती एका गाडीने पुण्याला उतरते असं तू दाखवलंस. धुळ्याहून फाट्याच्या गाडीने चाळीसगाव, तिथून मुख्य मार्गाने मनमाड, मनमाडहून नगरवरून दौंड, आणि मग पुणे. हा खोळंबा तुझ्या उपयोगाचा आहे. धुळ्याचं तिकीट तिच्या हातात पुण्यापर्यंत राहता कामा नये. मनमाडला बाहेर पडून नवं तिकीट काढायला लाव. तिथे सुरतेकडून येणाऱ्या माणसाची गाठ घालून दिलीस तर बडोद्याच्या बतावणीला सोबतही मिळेल.

बोलीवर मात्र सावकाश थांब, कारण कादंबरी इथेच उभी राहील. शब्द बदलणं सोपं. ‘माले’चं ‘मला’, ‘कितलं’चं ‘किती’, ‘शे’चं ‘आहे’ हे मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकलेली मुलगी आठवड्याभरात करेल. अडचण उच्चारांची आहे. तिच्या जिभेवर डोळा म्हणजे ‘डोया’ आणि काळा म्हणजे ‘काया’. पुण्यात ती प्रत्येक ‘य’ला दचकणार आणि जिथे ळ नाही तिथेही घालणार. गडबडीत ती ‘गाय’ला ‘गाळ’ म्हणेल. घरी ‘पानी’ म्हणणारी ती ‘पाणी’ नीट म्हणायचं म्हणून ‘मन’चंही ‘मण’ करून बसेल. जो मुळातच शुद्ध बोलतो तो अशी चूक करत नाही. जो शुद्ध बोलायला धडपडतो तोच करतो. कारकुनाच्या बायकोला तिचं बोलणं नुसतं गावंढळ वाटेल आणि ती विसरून जाईल. जाणत्या कानाला मात्र एवढं पुरे.

शब्द आणि उच्चार आवरले तरी खाली आणखी एक थर राहतो: चटका बसल्यावर निघणारं ‘ओ माय व’, पुटपुटत केलेली मोजणी, तापातली बडबड. तिला शिकवणाऱ्या बाईने या तिन्हीची तयारी करून घेतलेली दाखव. चटका बसला की आवाज न काढता हात पाण्यात घालायचा. मोजणी ओठ मिटून करायची. आजारी पडली तर एकटीने कोपऱ्यात झोपायचं. नियम असे कोरडे आणि नेमके असतील तरच वाचकाला ती मुलगी किती एकटी आहे ते कळेल. एकटेपणावर तू दोन पानं लिहिलीस, ती लागणार नाहीत.

तुझ्या खर्ड्यात एक गल्लत आहे. गावातल्या प्रसंगात ती ‘कुठी जाऊन राह्यली’ म्हणते. ते यावल-रावेरकडचं झालं, लेवा गणबोलीच्या वळणाचं. पांझरेकाठची मुलगी ‘कोठे जाई राह्यनी’ म्हणेल. सगळं खानदेश एका सुरात बोलतं असं बाहेरच्याने लिहिलं तर समजू शकतं. तू लिहू नकोस. आणि अहिराणी आली की वाचकाला हसवायचं, ही खोड तुझ्या दोन प्रसंगांत डोकावते. ती मुलगी बोली लपवते ते जिवाच्या भीतीने. लाज तिला वाटत नाही आणि तुझ्या निवेदनालाही वाटू नये. तिथे मी कडक आहे, राग मानू नकोस.

जेवणात तू शेवभाजी आणि ठेचा घातलास. त्याने काही होत नाही. पुण्याच्या स्वयंपाकघरात तिला खानदेशी पदार्थ कोण करू देणार? तिची परीक्षा दुसऱ्याच्या पदार्थाशी आहे. चिंच-गुळाच्या आमटीचा पहिला घास घेताना चेहरा हलू द्यायचा नाही. बाई वांगं भाजून त्यात दही कालवते, तेव्हा तिचा हात थांबतो. घरी भरताचं वांगं कापसाच्या काड्यांवर भाजून लाकडी बडगीत हिरव्या मिरचीसोबत ठेचलेलं. त्यात दही पडताना तिने आयुष्यात पाहिलेलं नाही. ती काही बोलत नाही, फक्त पळी धरलेला हात थांबतो. एवढंच लिही आणि पुढे जा.

पंचांग उघडून बस. ९ ऑगस्टला नेत्यांची धरपकड झाली आणि आठवड्याच्या आत श्रावण लागला. नागपंचमीनंतरच्या रविवारी आपल्या खानदेशात घरोघर कानबाई देवी बसते, सोमवारी विसर्जन. कानबाईचे रोट, म्हणजे तिचा नैवेद्य, भाऊबंदांपुरतेच असतात, बाहेरच्याला देत नाहीत. म्हणजे ती पुण्यात भांडी घासत असताना गावात तिच्या घरी रोट होत असणार. त्या रविवारी तिचं काम चुकायला हवं, कशामुळे ते घरात कुणालाच कळू नये. नंदुरबारची बातमी तिच्यापर्यंत पोचेल ती पोळ्याच्या सुमाराला, हेही लक्षात ठेव.

आता बिंग. पुण्यातलं परकं माणूस तिला ओळखणार नाही. तिला ओळखेल ते आपलंच. कारकुनाकडे कागद घेऊन येणारा एक हवालदार आण, अमळनेरकडचा. बिचारा दिवसभर पुण्याची मराठी बोलून कंटाळलेला. ती पाण्याचा तांब्या पुढे करते, त्याच्या कानाला तिच्या एका शब्दात काहीतरी लागतं आणि तो सहज विचारतो, ‘कोनी आंडेर शे व तू?’ बडोद्याच्या मुलीला ‘आंडेर’ म्हणजे लेक हे माहीत असायचं कारण नाही. तिने ‘काय?’ असं विचारायला हवं. ती विचारत नाही. गावात प्रत्येक मोठं माणूस तिला हेच विचारत आलं आहे, म्हणून तिची मान सवयीने खाली जाते आणि बापाचं नाव ओठापर्यंत येतं. ती ते गिळते. पण उशीर झालेला असतो.

हवालदाराला वाईट माणूस करू नकोस. त्याला आनंद होतो. जाताना तो कारकुनाला कौतुकाने सांगतो, साहेब, तुमच्याकडे आमच्या मुलखातली पोरगी आहे. त्याच्या मनात दगा नाही. कारकून मात्र हातातला कागद खाली ठेवतो, कारण त्याला बडोदं सांगितलेलं आहे. या जागी पेटी, वही, झडती काही लागणार नाही.

हा प्रसंग आणि बडोद्याचा बदल आधी लिही. बाकीचं त्यावरून आपोआप हलेल. अहिराणीची वाक्यं घरातल्या म्हाताऱ्या माणसाकडून मोठ्याने म्हणवून घे आणि जिथे ते अडखळतील तिथे तुझं वाक्य बदल, त्यांचं नको. हवालदाराची पानं झाली की तेवढीच पाठव, पूर्ण खर्ड्यासाठी थांबू नकोस.

कळावे.