पीयूसीत पास झालेली गाडी घाटात धूर का ओकते?

चोपड्याहून एका वडिलांचं पत्र आलं आहे. त्यांचं पीयूसी केंद्र आहे. मुलगी मेकॅनिकल डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला. सुट्टीत केंद्रावर तीच बसते. वेरूळला जाताना कन्नड घाटात तिला एक डिझेल गाडी काळा धूर सोडत चढताना दिसली. आठच दिवसांपूर्वी तिनेच त्या गाडीला पास केलं होतं. तेव्हापासून तिने ध्यास घेतला आहे की चालत्या गाडीचा धूर मोजायचं काम शिकायचं. वडील लिहितात, "नातेवाईक म्हणतात, इलेक्ट्रिक गाड्या आल्या, आता धूर राहणार कुठे? शिवाय मुलीच्या जातीला हे काम. पोर काही ऐकस नही. तुम्हीच समजवा."

नमस्कार दादा,

समजवायचं तर मी तुम्हाला समजवेन, तिला नाही. तिला पडलेला प्रश्न मोठमोठ्या प्रयोगशाळांना पडलेला आहे.

तुमच्या केंद्रावर काय होतं ते तुम्ही रोज बघता. पेट्रोल गाडी उभी, इंजिन चालू, सायलेन्सरमध्ये नळी, आणि कागदावर दोन आकडे: सीओ म्हणजे कार्बन मोनॉक्साइड आणि एचसी म्हणजे न जळलेलं इंधन. डिझेलला जागेवरच ॲक्सिलरेटर दाबून धूर किती गडद आहे ते बघतात. त्या वेळी गाडीवर ना चढ असतो, ना मागे बसलेली पाच माणसं, ना सुरू असलेला एसी. डिझेलचा सगळ्यात त्रासदायक वायू म्हणजे नायट्रोजन ऑक्साइड, ज्याला या क्षेत्रात सगळे नॉक्स म्हणतात, तो तर पीयूसीत मोजलाच जात नाही. इंजिनातली आग जितकी तापते तितका तो वाढतो, आणि घाटात ती तापतेच. काळा धूर निदान डोळ्यांना दिसतो. नॉक्स सहसा दिसतही नाही, पण छातीला बाधतो.

नवीन मॉडेल बाजारात यायच्या आधीची चाचणी वर्षानुवर्षं प्रयोगशाळेतच व्हायची. गाडी रोलरवर उभी करून वीसेक मिनिटं ठरलेल्या वेगाने चालवायची, आपल्याकडे कमाल ताशी 90 किलोमीटर. पेपर आधीच फुटलेला असावा, तशी परीक्षा. 2013 साली अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठातल्या एका छोट्या चमूने डिकीत यंत्र आणि जनरेटर ठेवून डिझेल गाड्या खऱ्या रस्त्यावर चालवल्या. फोक्सवॅगनच्या एका गाडीचा नॉक्स मर्यादेच्या 15 ते 35 पट निघाला. पुढे 2015 मध्ये कंपनीची लबाडी उघड झाली: चाचणी सुरू आहे हे ओळखून त्या वेळेपुरतं शहाण्यासारखं वागणारं सॉफ्टवेअर जगभरातल्या सुमारे 1 कोटी 10 लाख गाड्यांत होतं. वेस्ट व्हर्जिनियाच्या त्या चमूत अरविंद तिरुवेंगडम आणि हेमंत कप्पन्ना हे दोन भारतीय संशोधक होते. तुमच्या मुलीला ही नावं जरूर सांगा.

आपल्याकडे 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 हा गाड्यांच्या धुराचा कडक नियम आला. डिझेल कारची नॉक्स मर्यादा किलोमीटरला 250 मिलिग्रॅमवरून 80 वर आली. 1 एप्रिल 2023 पासून नव्या गाड्यांना रस्त्यावरची चाचणीही लागू झाली. म्हणजे तिला हवं आहे ते काम आता नियमानेच करावं लागतं.

माझा एक जुना विद्यार्थी पुण्यात हेच करतो. त्याने एकदा मला यंत्र दाखवलं होतं. गाडीच्या मागे एक चौकट, सायलेन्सरला जोडलेला जाड पाइप, त्यात धुराचा प्रवाह मोजणारं मीटर, आत वायू ओळखणारे ॲनालायझर, टपावर जीपीएस आणि हवेचं तापमान घेणारा सेन्सर. निघण्याआधी तो सिलिंडरमधला ठाऊक असलेला वायू सोडून यंत्राचा काटा जुळवतो. मग दीड-दोन तास गाव, मोठा रस्ता, हायवे. परतल्यावर पुन्हा तोच वायू. काटा मर्यादेपेक्षा जास्त सरकलेला निघाला की अख्खी फेरी रद्द, दुसऱ्या दिवशी पुन्हा सगळं. तो म्हणाला, "सर, गाडी चालवणं सोपं आहे, आकड्यावर विश्वास ठेवता येणं अवघड." दादा, या कामाला अशीच चिकाटी लागते, आणि त्यात मुलगा-मुलगी असा काही भेद नाही.

म्हणून माझा सल्ला थोडा वेगळा आहे. हा धंदा इंजिनापेक्षा मोजमापाचा जास्त आहे. डिप्लोमानंतर इंजिनिअरिंगच्या पदवीला थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश घेताना तिने इन्स्ट्रुमेंटेशनचा, म्हणजे मोजमापाच्या यंत्रांच्या शाखेचाही विचार करावा. जळगावच्या सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालयात ती शाखा आहे. मेकॅनिकलच हवं असेल तरी सेन्सर, संख्याशास्त्र आणि थोडं पायथन (संगणकाची प्रोग्रॅमिंगची भाषा) यांना पर्याय नाही. एका फेरीत दर सेकंदाला नोंद होते, ती हाताने तपासता येत नाही. पैशांची ओढाताण असेल तर आधी वर्षभराची अप्रेंटिसशिप करावी, विद्यावेतन मिळतं. पुढे गाड्यांची चाचणी करणाऱ्या संस्था आहेत: पुण्याची एआरएआय, मानेसरची आयकॅट, इंदूरजवळ पिथमपूरचं नॅट्रॅक्स, शिवाय गाड्यांच्या कंपन्या. पिथमपूर तर आपल्याला तसं जवळच. "तीन महिन्यांत एमिशन इंजिनिअर" अशा जाहिरातींवर मात्र एक रुपयाही घालू नका.

राहिला इलेक्ट्रिकचा प्रश्न. आज विकली गेलेली डिझेल गाडी पुढची दहा-पंधरा वर्षं तरी रस्त्यावर राहणार. इलेक्ट्रिक गाडीच्याही ब्रेकची आणि टायरची धूळ उडते, आणि युरोपच्या नव्या नियमांत ब्रेकची धूळ मोजणं आलं आहे. बॅटरी खऱ्या उन्हात किती किलोमीटर देते हेही कुणीतरी मोजायलाच हवं. युरोपात 2017 साली रस्त्यावरच्या चाचणीचा नियम लागू झाला, तेव्हा हवेच्या तापमानाची वरची हद्द 35 अंश होती. आपल्या जळगावात मे महिन्यात पारा 44-45 ला टेकतो! इथल्या उन्हात वाढलेल्या मुलीने ते आकडे काढावेत, असं मला मनापासून वाटतं.

तोवर तुमचं केंद्र हीच तिची प्रयोगशाळा. तुमची स्वतःची पेट्रोल गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी सुरू करताच रीडिंग घ्यायला सांगा, मग वीस किलोमीटर फिरवून आणल्यावर पुन्हा. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे धुरातले विषारी वायू कमी करणारा भाग, तापल्याशिवाय काम करत नाही, हे तिला स्वतःच्या आकड्यांत दिसेल. तारीख, तापमान, वेळ, सगळं वहीत. मुलाखतीला ती वही सोबत न्यावी.

आणि जातपडताळणी, नॉन-क्रिमीलेयर जे लागू असेल ते दाखले आत्ताच काढायला टाका. निकाल लागल्यावर सेतू केंद्रावर रांग लागते आणि थेट दुसऱ्या वर्षाच्या प्रवेशाची मुदत थांबत नाही.