माडाची वाडी की आठ खोल्या?

प्रश्न : माझी लेक मालवणला दिली आहे. सासरची किनाऱ्याजवळ दहा गुंठ्यांची माडांची वाडी आहे, दारात गोड्या पाण्याची विहीर. जावई म्हणतात, निम्मे माड काढून आठ खोल्यांचं लॉज बांधू. व्याही म्हणतात, सगळ्यांनी असंच केलं तर हे मालवण राहायचं नाही. लेक मला विचारते. आम्ही लातूरची माणसं, समुद्राकाठचं आम्हाला काय कळणार?
– एक वाचक भगिनी, लातूर

उत्तर : ताई, तुम्हाला कळेल, आणि लवकर कळेल. १२ एप्रिल २०१६ च्या पहाटे मिरजेहून पाण्याची रेल्वे आपल्या गावात आली, ती तुम्ही विसरला नसाल. दहा वाघिणी, पाच लाख लिटर. शिकवण्यांना आलेल्या पोरांसाठी आपण खोल्या वाढवत गेलो, दारोदार बोअर पाडले, आणि मांजरा धरण आटल्यावर जमिनीखालीही काही उरलं नव्हतं.

मी भूजल सर्वेक्षणाच्या नोकरीत सहा वर्षं सिंधुदुर्गात काढली. तिथं आपल्या तिपटीहून जास्त पाऊस पडतो, तरी मे महिन्यात विहिरी तळाला जातात. जांभा दगड चाळणीसारखा. पाणी झिरपतं आणि समुद्राकडं निघून जातं. पाहुण्यांची गर्दीही नेमकी मे महिन्यातच. किनाऱ्याच्या जमिनीत गोडं पाणी खाऱ्यावर तरंगत असतं. त्याची पातळी समुद्रापेक्षा १ मीटर उंच असली, तर खाली साधारण ४० मीटर गोडं पाणी टिकतं. उपशानं ती अर्धा मीटर उतरली, की खालून खारं पाणी हळूहळू २० मीटर वर सरकतं. विहीर एकदा खारी झाली की चार-दोन पावसाळ्यांत सुधारेल याचा भरवसा नाही. आपल्याकडं टँकर येईपर्यंत तरी वाट पाहता येते; तिथं शेजाऱ्याच्या विहिरीलाही तुमचा उपसा भोवतो.

आता हिशेब करा. आठ खोल्या, सोळा माणसं, शहरी मापानं माणशी १३५ लिटर : रोज २१६० लिटर. चादरी-टॉवेलांची धुणी वेगळी. एवढ्या लोकांच्या संडासाचा शोषखड्डा त्याच दहा गुंठ्यांत, त्याच चाळणीत. मला सगळ्यात भीती वाटते ती याची.

व्याह्यांचं म्हणणं मला मनापासून पटतं. १९९७ साली सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा झाला, २०२१ मध्ये चिपीचा विमानतळ सुरू झाला. माणसं येणारच, यावीतही. पण रापण, म्हणजे किनाऱ्यावरून माणसांनी ओढायचं मोठं जाळं, ओढायला मोकळी वाळू लागते. तिथं खुर्च्या-छत्र्या मांडल्या की रापणकरांनी जाळं कुठं ओढायचं? पाहुणा ज्या ताज्या बांगड्यासाठी येतो, तो मग ट्रकनं येणार. जावयांना एकदा सिंधुदुर्ग किल्ल्यात घेऊन जा म्हणावं. दूधबाव, साखरबाव, दहीबाव : भर समुद्रात गोड्या पाण्याच्या तीन विहिरी. त्या पाहताना मी दर वेळी गप्प होत असे.

माझं मत : राहत्या घरालाच जोडून दोन-तीन खोल्या, माडाला हात न लावता. कौलांवरचं पाणी टाकीत घ्यावं, शोषखड्डा विहिरीपासून ६० फूट तरी लांब आणि उताराला. त्याआधी जागा किनारा नियमन क्षेत्रात, म्हणजे समुद्राकाठच्या बांधकामावर बंधनं असलेल्या पट्ट्यात, येते का, हे नगरपरिषदेत लेखी विचारावं. आणि येत्या मे महिन्यात रोज सकाळी-संध्याकाळी विहिरीत दोर सोडून पाणी किती फुटांवर आहे ते वहीत लिहावं, आठवड्यातून एकदा चव घेऊन पाहावी. लेकीला ती वही मला पाठवायला सांगा. खोल्यांचा आकडा मी त्यावरूनच सांगेन.